बेल्जियमला अडवणारा यवतमाळचा आकाश चिकटे भारतीय टीममधून गायब का झाला?

६ डिसेंबर २०१७. भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम खचाखच भरलं होतं. हॉकी वर्ल्ड लीग फायनलची क्वार्टर फायनल सुरू होती आणि समोर होता बेल्जियम. रिओ ऑलिम्पिकमध्ये सिल्व्हर मेडल जिंकलेली टीम. आपल्या पोरांनी त्या स्पर्धेच्या गटात एकही मॅच जिंकली नव्हती, त्यामुळे फार अपेक्षा कुणालाच नव्हत्या. पण मॅच ३-३ अशी बरोबरीत सुटली आणि गोष्ट शूटआऊटवर गेली.

हॉकीचा शूटआऊट म्हणजे फुटबॉलची पेनल्टी नव्हे. समोरचा खेळाडू साधारण २३ मीटरवरून बॉल घेऊन धावत येतो, त्याच्याकडे ८ सेकंद असतात आणि त्याच्यासमोर फक्त एकटा गोलकीपर. पुढे यायचं, मागे राहायचं, आडवं पडायचं की उभं राहायचं, सगळं त्या ८ सेकंदांत ठरवायचं. त्या रात्री शूटआऊटही बरोबरीत सुटला, सडन डेथ सुरू झाली आणि भारत जिंकला. त्या विजयाचा हिरो होता भारताचा गोलकीपर. नाव आकाश चिकटे, गाव यवतमाळ.

याच बेल्जियमने पुढच्या वर्षी याच मैदानावर वर्ल्ड कप जिंकला. त्यानंतर टोकियो ऑलिम्पिकचं गोल्डही घेतलं. म्हणजे आकाशने कुणाला अडवलं होतं, याचा अंदाज येईल.

पण बेल्जियम वर्ल्ड कप उचलत होता तेव्हा आकाश भारताच्या टीममध्ये नव्हता. राखीव खेळाडूंतही नव्हता. त्याच्यावर दोन वर्षांची बंदी होती. कारण होतं डोपिंग. आणि या गोष्टीतला खरा पेच असा, की ज्यांनी बंदी घातली त्यांनीच मान्य केलं होतं की त्याने हे मुद्दाम केलेलं नाही.

मग मुद्दाम केलं नाही तर शिक्षा का? आणि शिक्षा दोन वर्षांचीच, तर करिअर का थांबलं? आज गल्लोगल्ली जिम आहेत, सप्लिमेंटचे डबे ऑनलाइन मिळतात आणि पोरं खेळाच्या जोरावर नोकरी शोधतायत. अशा वेळी ही गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे.

आधी बघू, आकाश तिथपर्यंत पोहोचला कसा?

गोलकीपरची जागा ही हॉकीतली सगळ्यात कंजूष जागा आहे. फॉरवर्ड चार-पाच असतात, मिडफिल्डर बदलत राहतात. गोलकीपर मात्र मैदानात एकच. मोठ्या स्पर्धेच्या १८ जणांच्या टीममध्ये जास्तीत जास्त दोन. ऑलिम्पिकला १६ जणांची टीम जाते, तिथे बहुतेक वेळा एकच.

आणि आकाशच्या काळात ती एक जागा पी. आर. श्रीजेशकडे होती. श्रीजेश म्हणजे भारतीय हॉकीची भिंत. तो फिट असेल तोवर दुसऱ्याने बाकावर बसायचं, हे ठरलेलं. २०१६ मध्ये मलेशियातल्या क्वांटानला भारताने पाकिस्तानला ३-२ ने हरवून एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. त्या टीममध्ये आकाश होता, पण कॅप्टन आणि पहिल्या पसंतीचा गोलकीपर श्रीजेशच.

मे २०१७ मध्ये सुलतान अझलन शाह कप खेळताना श्रीजेशच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि तो कित्येक महिने बाहेर गेला. दरवाजा उघडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ढाक्याला एशिया कप झाला, तेव्हा भारताचे दोन गोलकीपर होते यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. दोघंही महाराष्ट्राचे. भारताने फायनलमध्ये मलेशियाला २-१ ने हरवलं आणि दहा वर्षांनी एशिया कप परत आणला. दीड महिन्याने भुवनेश्वरला बेल्जियमवाली मॅच झाली. भारत सेमीफायनल अर्जेंटिनाकडून ०-१ ने हरला, पण जर्मनीला २-१ ने हरवून ब्राँझ मिळवलं.

तेव्हा आकाश २५ वर्षांचा होता. गोलकीपरसाठी हे वय म्हणजे सुरुवातच. श्रीजेशने शेवटची मॅच खेळली ती पॅरिस ऑलिम्पिकला, वयाच्या ३६ व्या वर्षी. म्हणजे आकाशपुढे दहा वर्षं होती.

मग २७ फेब्रुवारी २०१८ ला काय झालं?

बेंगळुरूला राष्ट्रीय शिबिर सुरू होतं. तिथे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था, म्हणजे नाडाने खेळाडूंचे नमुने घेतले. स्पर्धा चालू नसताना, अचानक येऊन घेतलेली ही चाचणी. नियमात याला 'आऊट ऑफ कॉम्पिटिशन' चाचणी म्हणतात. लघवीचा नमुना दोन बाटल्यांत भरतात, ए आणि बी. आधी ए तपासतात. त्यात काही सापडलं तर खेळाडू बी बाटली तपासायला सांगू शकतो.

आकाशच्या नमुन्यात नॉरअँड्रोस्टेरॉन सापडलं. २७ मार्च २०१८ ला त्याला तात्पुरतं निलंबित केलं. पुढे डोपिंगविरोधी शिस्त समितीपुढे सुनावणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये निकाल आला. आकाशचं म्हणणं होतं की पायाच्या दुखापतीवर उपचार म्हणून औषध घेतलं होतं. समितीने हे मान्य केलं. उल्लंघन जाणूनबुजून केलेलं नाही, असं म्हटलं. म्हणूनच चार वर्षांऐवजी दोन वर्षांची बंदी दिली आणि ती २७ मार्च २०१८ पासून मोजली.

त्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळचं नाव देशभर गाजत होतं, पण ते पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीमुळे. नंतर जानेवारीत साहित्य संमेलनाच्या वादामुळे. गावच्या गोलकीपरवर बंदी आली, ही बातमी या सगळ्यात कुठल्या कुठे गेली.

नॉरअँड्रोस्टेरॉन म्हणजे नेमकं काय?

हे नाव औषधाच्या बाटलीवर तुम्हाला दिसणार नाही. नॅन्ड्रोलोन नावाचं एक ॲनाबॉलिक स्टेरॉइड आहे. ते शरीरात गेलं की शरीर त्याचे तुकडे करतं आणि त्यातला एक तुकडा लघवीत उतरतो. तो म्हणजे नॉरअँड्रोस्टेरॉन. प्रयोगशाळा औषध शोधत नाही, त्याचा हा माग शोधते.

आता गोंधळ बघा. नॅन्ड्रोलोन हे काही चोरबाजारातलं रसायन नाही. ते औषध आहे. हाडं ठिसूळ होणं, दीर्घ आजारानंतर आलेला अशक्तपणा अशा कारणांसाठी डॉक्टर त्याचं इंजेक्शन देतात. साध्या पेशंटच्या बाबतीत यात गैर काही नाही. पण हेच औषध स्नायू वाढवतं, दुखापतीतून लवकर सावरायला मदत करतं, म्हणून खेळाडूंसाठी ते बारा महिने बंदी असलेल्या यादीत आहे. स्पर्धा असो वा नसो.

दुसरी गोष्ट, नॅन्ड्रोलोन तेलात मिसळून स्नायूत टोचतात. तिथून ते हळूहळू रक्तात उतरतं. त्यामुळे त्याचा माग कित्येक महिने सापडू शकतो. म्हणजे दुखणं बरं होतं, औषध विसरलं जातं, पण शरीर विसरत नाही.

मुद्दाम केलं नाही, तरी शिक्षा का?

जगभरात डोपिंगचे नियम जागतिक डोपिंगविरोधी संस्था, म्हणजे वाडा ठरवते. त्या नियमांचा पाया एका वाक्यात सांगता येतो: तुमच्या शरीरात जे सापडेल, त्याला जबाबदार तुम्ही. ते कुणी दिलं, का दिलं, तुम्हाला माहीत होतं का, हे प्रश्न नंतरचे. ते शिक्षा किती द्यायची हे ठरवायला विचारतात. गुन्हा झाला की नाही हे ठरवायला विचारत नाहीत.

ऐकायला हे अन्यायाचं वाटतं. आपल्या कोर्टात आरोप करणाऱ्याने गुन्हा सिद्ध करायचा असतो. इथे उलटं आहे. पण दुसरी बाजूही बघा. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हटल्यावर सुटका होत असती, तर पकडलेला प्रत्येक जण तेच म्हणाला असता. खोकल्याचं औषध, आजीचा काढा, कुणीतरी जेवणात काहीतरी मिसळलं, ही कारणं सगळ्यांकडे तयार असतात. खरं कोण आणि खोटं कोण, हे शोधायला कुठल्याही संस्थेकडे यंत्र नाही. मग प्रामाणिकपणे खेळून चौथा आलेल्या पोराचं काय? त्याच्यासाठी हा कडक नियम आहे.

म्हणून नियमाने मधला रस्ता काढलाय. बंदी असलेली द्रव्यं दोन गटांत टाकली आहेत.

पहिला गट म्हणजे अशी द्रव्यं जी चुकून पोटात जाऊ शकतात, उदाहरणार्थ सर्दी-खोकल्याच्या किंवा दम्याच्या औषधांतली काही. इथे साधारणपणे कमाल शिक्षा दोन वर्षं. चूक किरकोळ असेल तर ती नुसत्या ताकिदीपर्यंतही खाली येऊ शकते.

दुसरा गट म्हणजे स्टेरॉइडसारखी द्रव्यं, जी सहसा चुकून शरीरात जात नाहीत असं नियम मानतो. इथे सुरुवातच चार वर्षांपासून. हेतू नव्हता हे खेळाडूने स्वतः सिद्ध केलं, तर दोन वर्षं.

नॅन्ड्रोलोन दुसऱ्या गटात येतं. म्हणजे आकाशला मिळालेली दोन वर्षं ही खरं तर निम्मी शिक्षा होती. नियमाच्या भाषेत तो अर्धा जिंकला होता.

चार खेळाडू, चार निकाल

हा हिशोब समजायला आपल्या ओळखीची आणखी तीन नावं घेऊ.

नरसिंग यादव. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. नाडाच्या समितीने ते मान्य करून त्याला सोडलं. वाडाने थेट आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात अपील केलं. लवादाने हा दावा मान्य केला नाही आणि रिओत त्याची कुस्ती व्हायच्या तोंडावर चार वर्षांची बंदी घातली. गट तोच, पण हेतू नव्हता हे सिद्ध झालं नाही, म्हणून पूर्ण शिक्षा.

पृथ्वी शॉ. पदार्पणाच्या टेस्टमध्ये शतक ठोकणारा मुंबईचा पोरगा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी सुरू असताना त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटलिन सापडलं. खोकल्याच्या औषधातून गेलं, असं त्याने सांगितलं. द्रव्य पहिल्या गटातलं. बीसीसीआयने स्पष्टीकरण मान्य केलं आणि आठ महिन्यांची बंदी घातली. ती मार्चपासून मागे जाऊन मोजली. जाहीर झाली जुलैच्या शेवटी, म्हणजे निम्मी शिक्षा कुणाला कळायच्या आतच भोगून झाली होती. नोव्हेंबरमध्ये तो मुंबईकडून परत खेळला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये भारताकडून वन डेत उतरलाही. पुढे त्याच्या करिअरला उतार लागला, पण त्याचं कारण ती बंदी नव्हे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा क्रिकेट नाडाच्या कक्षेत नव्हतं. चाचणी बीसीसीआयची, सुनावणी बीसीसीआयची, शिक्षाही बीसीसीआयची. पृथ्वीच्या प्रकरणानंतर लगेच, ऑगस्ट २०१९ मध्ये, बीसीसीआय नाडाखाली यायला तयार झाली.

सतनाम सिंग. पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लोके गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा पोरगा. १४ व्या वर्षी स्कॉलरशिप मिळवून अमेरिकेला गेला आणि २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतात जन्मलेला खेळाडू ठरला. डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. पण एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही. डॅलसच्या दुय्यम लीगमधल्या टेक्सास लेजंड्सकडून दोन सीझन, नंतर कॅनडातली लीग. आणि मग नोव्हेंबर २०१९ मध्ये बेंगळुरूच्या शिबिरात चाचणी. हायजेनामिन सापडलं. हे वनस्पतींतही असतं आणि काही सप्लिमेंटमध्येही. द्रव्य पृथ्वीच्याच गटातलं, अगदी त्याच वर्गातलं. पण शिक्षा पूर्ण दोन वर्षं, नोव्हेंबर २०२१ पर्यंत. सतनाम आज प्रोफेशनल रेसलिंग करतो. ज्याच्यावर भारतीय बास्केटबॉलची सगळी आशा होती, त्याचं बास्केटबॉलमधलं करिअर २३ व्या वर्षीच संपल्यात जमा झालं.

एकाच वर्गातलं द्रव्य, एकाला आठ महिने आणि दुसऱ्याला दोन वर्षं. प्रत्येक प्रकरणाचे पुरावे वेगळे असतात, त्यामुळे हा सरळसरळ भेदभाव आहे असं म्हणता येणार नाही. पण पुरावे आपोआप गोळा होत नसतात. प्रिस्क्रिप्शन जपून ठेवणं, औषधाच्या बाटलीचा बॅच नंबर शोधणं, डॉक्टरचं पत्र आणणं, वेळेत उत्तर देणं, चांगला वकील करणं, यातूनच शिक्षा कमी होते. ज्याच्यामागे श्रीमंत बोर्ड किंवा मॅनेजर आहे त्याला हे सोपं जातं. जो एकटा आहे त्याला अवघड जातं.

दोन वर्षं म्हणजे किती?

कागदावर ७३० दिवस. पण बंदी म्हणजे फक्त मॅच नाही असं नव्हे. बंदीच्या काळात टीमसोबत सरावही करता येत नाही, शिबिरात राहता येत नाही, मान्यताप्राप्त क्लबच्या सुविधा वापरता येत नाहीत. दोन वर्षांची बंदी असेल तर शेवटचे दोन महिने तेवढी सरावाला परवानगी मिळते.

धावपटू एकटा धावू शकतो. पैलवान गावच्या मातीत मेहनत करू शकतो. गोलकीपरने काय करायचं? त्याला कुणीतरी गोलवर मारावं लागतं. तेही ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाणारे ड्रॅग फ्लिक, ओल्या सिंथेटिक टर्फवर. भिंतीवर बॉल मारून ती नजर टिकत नाही.

आता कॅलेंडर बघा. २०१८ म्हणजे कॉमनवेल्थ गेम्स, एशियन गेम्स आणि भुवनेश्वरचा वर्ल्ड कप, तिन्ही एकाच वर्षात. सगळे हुकले. श्रीजेश दुखापतीतून परत आला. कृष्ण पाठक नावाचा तरुण गोलकीपर पुढे आला आणि टिकला. एकच जागा असलेल्या रांगेत आकाश दोन वर्षं उभाच नव्हता.

आणि बंदी संपली कधी? २०२० च्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. देशात लॉकडाऊन लागला २५ मार्चला. म्हणजे आकाशला मैदानात उतरायची परवानगी मिळाली तेव्हा देशातली सगळी मैदानं बंद होती. भारताची टीम बेंगळुरूच्या साई केंद्रात अडकून पडली होती आणि बाहेर देशांतर्गत हॉकी ठप्प झाली होती. ज्याला परत यायचंय त्याने आपला खेळ दाखवायचा कुठे, हाच प्रश्न होता.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत भारताने जर्मनीला ५-४ ने हरवून ४१ वर्षांनी ऑलिम्पिक मेडल मिळवलं. गोलमध्ये श्रीजेश होता. आकाश भारताच्या जर्सीत परत दिसला नाही.

काय हुकलं हे समजायला एकच तुलना पुरे. ढाक्याच्या एशिया कपमध्ये आकाशचा जोडीदार होता सूरज करकेरा. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला भारताने कोरियाला ४-१ ने हरवून पुन्हा एशिया कप जिंकला. त्या टीममधले दोन गोलकीपर होते कृष्ण पाठक आणि सूरज करकेरा. आठ वर्षांनी सूरज तिथेच होता.

मग हे सगळं आत्ता का बोलायचं?

कारण आकाशच्या वेळी जे होतं ते आज जास्त मोठं झालंय. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले आणि त्यातले २६० पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे ३.६ टक्के. त्याआधीच्या वर्षी ५,६०६ पैकी २१३, म्हणजे ३.८ टक्के. पाच हजारांहून जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त आहे. चीनने २०२३ मध्ये २८ हजारांहून जास्त नमुने तपासले, तिथलं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास होतं.

यातले सगळे आकाशसारखे असतील का? अजिबात नाही. बरेच जण जाणूनबुजून घेतात आणि ते मान्य केलं पाहिजे. ॲथलेटिक्स, वेटलिफ्टिंग आणि कुस्ती हे खेळ यात पुढे आहेत. चाचण्या वाढल्या की पकडले जाणारेही वाढणार, हेही खरं. पण टक्का एवढा मोठा असेल तर प्रश्न एकेकट्या खेळाडूच्या नीतिमत्तेपुरता उरत नाही.

दुसरं कारण म्हणजे २०३० चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला होणार आहेत आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारत प्रयत्न करतोय. यजमान देशाचं डोपिंगचं रेकॉर्ड जग बघतं. सरकारने २०२२ मध्ये डोपिंगविरोधी कायदा केला, २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती केली. कायदा झाला. पण कायदा बेंगळुरूच्या शिबिरात पोहोचतो, तालुक्याच्या मेडिकल स्टोअरमध्ये नाही.

खरी गडबड कुठे आहे?

यवतमाळसारख्या जिल्ह्यातून एखादा पोरगा राष्ट्रीय टीमपर्यंत जातो, तेव्हा तो बहुतेक सगळा रस्ता एकटा चाललेला असतो. पीटीच्या सरांनी ओळखलं, शालेय स्पर्धा खेळला, जिल्हा, विभाग, राज्य असं करत बाहेर पडला. या रस्त्यात त्याला स्टिक कशी धरायची हे सांगणारे भेटतात. कुठलं इंजेक्शन घ्यायचं नाही हे सांगणारं कुणी भेटत नाही.

दुखलं की आपल्याकडे काय होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. ओळखीच्या डॉक्टरकडे जायचं, 'लवकर बरं करा, पुढच्या आठवड्यात मॅच आहे' म्हणायचं. डॉक्टर पेशंट बघून औषध देतात, वाडाची यादी बघून नाही. त्यांचंही चुकत नाही, कारण ती यादी त्यांना कुणी दाखवलेली नसते. प्रिस्क्रिप्शनची चिठ्ठी चार दिवसांत हरवते. मेडिकलवाला कधी कधी चिठ्ठी मागतही नाही.

त्यात आता दबाव वाढलाय. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. गरीब घरातल्या पोरासाठी राज्यस्तरावरचं एक मेडल म्हणजे आयुष्यभराची भाकरी असू शकते. एवढं सगळं एका स्पर्धेवर टांगलेलं असेल तर दुखापत लपवायचा, औषधाने रेटायचा मोह होणारच. आणि जिममधला कुणीतरी 'हे घे, काही होत नाही' म्हणत डबा पुढे करणारच.

म्हणून काय करायचं?

खेळणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी चार गोष्टी पाठ कराव्यात.

एक, डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणायचं: 'मी खेळाडू आहे, माझी डोप टेस्ट होऊ शकते.' हे एक वाक्य फुकट आहे.

दोन, औषधाचं नाव नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' ॲपवर तपासायचं. ब्रँडचं नाव नाही कळलं तर आत काय आहे ते बघायचं.

तीन, बंदी असलेलंच औषध घेणं खरोखर गरजेचं असेल, तर त्यासाठी आधी परवानगी मागता येते. हिला उपचारासाठीची सूट म्हणतात. दमा किंवा मधुमेह असलेले खेळाडू अशी परवानगी घेऊन खेळतात. पण ती आधी मागायची असते, पकडल्यावर नाही. तातडीचं ऑपरेशन वगैरे असेल तरच नंतर मागता येते.

चार, प्रत्येक चिठ्ठीचा आणि औषधाच्या पाकिटाचा फोटो काढून ठेवायचा. सप्लिमेंट घेत असाल तर त्याच्या डब्याचाही. उद्या समितीपुढे बसायची वेळ आली तर हाच तुमचा वकील.

पण सगळं ओझं पोरांच्याच डोक्यावर टाकून चालणार नाही. शालेय जिल्हास्तरीय स्पर्धांना हजारो मुलं येतात. तिथे भाषणं होतात, हारतुरे होतात. त्यातली वीस मिनिटं डोपिंगवर मराठीत कुणी बोललं तर काय बिघडेल? जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि डॉक्टरांच्या संघटनेने मिळून तालुक्यागणिक दोन डॉक्टरांना ही यादी समजावली, तर खर्च किती येईल? आणि राष्ट्रीय शिबिरात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी 'मागच्या वर्षभरात काय काय घेतलंस' हे विचारून ते लिहून घेतलं, तर निदान खऱ्या चुका चाचणीच्या आधी सापडतील.

शेवटचा मुद्दा

डोपिंगचा नियम कडक आहे आणि तो कडकच राहायला हवा. पण नियमात 'मुद्दाम नाही' असं लिहिलेलं असलं, तरी लोकांच्या डोक्यात एकच शब्द राहतो: डोपर. आकाश चिकटेचं नाव गुगलवर टाकलं की बेल्जियमची ती रात्र आणि बंदीची बातमी शेजारी शेजारी दिसतात. समितीने त्याला लबाड ठरवलं नव्हतं, हे वाचायला मात्र दोन परिच्छेद खाली जावं लागतं आणि तिथपर्यंत फार कमी लोक जातात.

यवतमाळमधून आज जी पोरं मैदानावर उतरतायत, त्यांना त्या आठ सेकंदांचा व्हिडिओ जरूर दाखवा. आपल्या गावचा पोरगा जगातल्या सगळ्यात भारी टीमला अडवू शकतो हे त्यांना कळायला पाहिजे. आणि त्याच बैठकीत त्यांना हेही सांगा, की दुखापत झाल्यावर औषध घेण्याआधी कुणाला फोन करायचा. आकाशच्या वेळी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिल्ह्याच्या मैदानावर कुणाकडे नसायचं. आज ते आहे का, हे आपल्या जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात जाऊन एकदा विचारा.